लिखाणासाठी स्वस्तातला लॅपटॉप: पैसे कीबोर्डात घाला, प्रोसेसरात नको

लेख, प्रबंध, बातम्या, संस्थेची पत्रं, ऑनलाइन सातबारा, पोरांचा अभ्यास आणि रात्री थोडं यूट्यूब एवढ्यासाठी लॅपटॉप हवा असेल, तर दुकानात पहिला प्रश्न ‘आय फाइव्ह आहे का?’ हा नसावा. असल्या कामांना प्रोसेसरचा फारसा जोर लागतच नाही. बोटं मात्र दिवसभर कीबोर्डवर असतात आणि डोळे स्क्रीनवर. स्वस्त लॅपटॉपमध्ये काटकसर होते ती नेमकी याच दोन जागी, कारण जाहिरातीत त्या दिसत नाहीत. पुढचं सगळं २० ते ४० हजारांचं बजेट धरून सांगतोय.

मराठी टाइप करणाऱ्याचा कीबोर्ड

इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची सरकारी प्रमाण मांडणी) वापरत असाल तर हा मुद्दा सगळ्यात आधी. इंग्रजी लिहिणाऱ्याला उजव्या कडेची बटणं क्वचित लागतात, आपल्याला ती प्रत्येक वाक्यात लागतात. अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या शेजारी ट, पीच्या शेजारच्या चौकोनी कंसावर ड, शिफ्टजवळच्या तिरप्या रेघेवर य. आणि एंटरच्या डोक्यावर जी उलटी तिरपी रेघ असते, तिथे ‘ॉ’. म्हणजे डॉक्टर, कॉलेज, हॉल, सगळं त्या एका बटणावर अवलंबून.

१५.६ इंची स्वस्त मॉडेलांत उजवीकडे नंबरपॅड कोंबलेला असतो आणि त्याला जागा करून देताना हीच बटणं अरुंद होतात. काही मशीनवर उलट्या रेघेचं बटण एंटरला चिकटून अर्धंच उरतं. मग ‘डॉक्टर’ लिहिताना एंटर दबतो आणि ओळ मधेच तुटते. शिवाय नंबरपॅडमुळे टायपिंगचा भाग डावीकडे सरकतो, अंग थोडं वळवून बसावं लागतं आणि तासाभरानं खांदा बोलायला लागतो. हिशेबाचं काम रोजचं नसेल तर १४ इंची घ्या. ते पाठीला लावून केएमटीच्या बसमध्ये चढायलाही सोपं.

तपासायचं कसं? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथे ‘ॲड अ लँग्वेज’ करून मराठी निवडा. नुसता ‘मराठी’ नावाचा कीबोर्ड म्हणजे इनस्क्रिप्ट. रोमन अक्षरांवरून लिहिणाऱ्यांसाठी ‘मराठी फोनेटिक’ वेगळा जोडता येतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. आता नोटपॅड उघडून हे वाक्य चार-पाच वेळा वेगात लिहा: ‘डॉक्टरांच्या चौकात झणझणीत मिसळ आणि दऱ्याखोऱ्यांत पाऊस.’ त्यात उजव्या कडेची जवळपास सगळी बटणं येतात. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, तिरपी रेघ आणि ई. शिफ्ट नीट दबला नाही तर ‘दर्या’ असं उमटतं. दोन्ही बाजूंचे शिफ्ट वापरून पाहा. स्पेसबारची दोन्ही टोकंही दाबा, जुन्या मशीनवर एक टोक मेलेलं असतं. टाइप करताना कीबोर्डचा मधला भाग खाली वाकत असेल तर ते मॉडेल सोडा.

स्क्रीन

रेझोल्यूशन १९२० बाय १०८० हवं आणि पॅनेल आयपीएस, म्हणजे कडेनं पाहिलं तरी रंग न बदलणारं. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर इंग्रजी चालून जातं, पण ‘वर्षांत’ मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि प्रूफ तपासताना चुका सुटतात. पॅनेल कोणतं आहे हे विक्रेत्याला माहीत नसेल तर पांढऱ्या पानावर मजकूर उघडा आणि झाकण हळूहळू मागे-पुढे करा. रंग उलटे-पालटे होत असतील, अक्षरं फिकी पडत असतील, तर ते जुन्या पद्धतीचं टीएन पॅनेल. त्यासाठी पैसे मोजू नका. ब्राइटनेस किमान २५० निट्स पाहा, खिडकीशी किंवा सोप्यात बसून लिहायचं असेल तर ३०० च्या आसपास.

रॅम, एसएसडी आणि नावातली मेख

रॅम ८ जीबी, त्याच्या खाली नाही. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होतं, पण ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि वर्ड एकत्र उघडलं की रॅम भरते, मशीन डिस्कवर ये-जा करत बसतं आणि अक्षरं बोटांच्या मागून उमटतात. स्टोरेज एसएसडीच (फिरती डिस्क नसलेलं, वेगवान) हवं, २५६ जीबी पुरतं. ‘६४ जीबी ईएमएमसी’ (एसएसडीपेक्षा संथ, स्वस्त स्टोरेज) असं लिहिलेलं मशीन कितीही स्वस्त असलं तरी नको. विंडोजचे अपडेट येत गेले की त्यात जागा उरत नाही आणि ते स्टोरेज सहसा बदलताही येत नाही.

प्रोसेसरच्या नावाकडे नीट पाहा. सेलेरॉन एन४०२० दोनच कोअरचा आहे, तो टाळा. इंटेलचा आय३-१२१५यू या कामांना भरपूर झाला. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो. रायझन ३ ७३२०यू नाव नवं असलं तरी आत झेन २ ही २०१९ ची रचना आहे. लिहायला तो चालतो, पण त्याच्यासोबतची रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून तो घेताना ८ जीबीचाच घ्या. ७५३०यू मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, आणि तो चांगला.

नवा की वापरलेला?

बजेट २५ हजारांच्या आत असेल तर सगळ्यात स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा कंपन्यांतून निघालेला बिझनेस लॅपटॉप घ्या, असं आमचं ठाम मत आहे. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४००, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही मशीनं रोज आठ-दहा तास टाइप करणाऱ्यांसाठीच बनलेली. कीबोर्ड दमदार, बिजागरी मजबूत, रॅमला दोन स्लॉट. फक्त पिढी सांभाळा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. आय५-८२५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७२०० किंवा ६३०० असेल तर ‘विंडोज ११ टाकून देतो’ या बोलण्यावर जाऊ नका. ते आडमार्गानं टाकलेलं असतं आणि पुढच्या मोठ्या अपडेटला अडकू शकतं.

कॉलेजला जाणारं पोरगं दिवसभर चार्जरशिवाय वापरणार असेल आणि वॉरंटीची हमी हवी असेल, तर मात्र थोडे पैसे वाढवून नवाच घ्यावा.

क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) स्वस्त असतं आणि गूगल डॉक्सवर लिहिणाऱ्याला पुरतं. पण तुमचा मजकूर घेणारा छापखाना श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये फाइल मागत असेल तर विंडोजच लागेल. तरीही मूळ प्रत कायम युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशी, ठेवा आणि छापखान्यापुरती फाइल बदलून द्या. श्रीलिपीत साठवलेला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर नुसती चिन्हं दाखवतो.

वापरलेला लॅपटॉप दुकानात तपासताना

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, स्टेशन रोड, कुठेही घ्या, पण अर्धा तास काढूनच जा. ‘मालक, जरा सगळं उघडून बघतो,’ असं सरळ सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आधी मशीन बंद असतानाच उलटं करा. स्क्रूंना गंज, यूएसबीच्या तोंडाशी पांढरट-हिरवट थर, कीबोर्डच्या फटीत वाळलेला गाळ दिसला तर पुढे काही बघायची गरज नाही. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी घरांत, दुकानांत पाणी शिरलं. आठव्या-नवव्या पिढीची मशीनं त्याच काळातली. पाणी पिऊन वाळवलेला बोर्ड काही महिने चालतो आणि मग गंज आत पसरून अचानक जातो.

मग सुरू करताच थेट बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) जा: लेनोव्होच्या थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराकडे तो नसेल तर सोडून द्या. पुढची अडचण याहून छुपी आहे. कंपनीच्या मशीनची नोंद तिच्या ऑनलाइन खात्यात राहिलेली असू शकते आणि विंडोज रीसेट केलं की ते त्या कंपनीचं लॉगिन मागतं. म्हणून आदल्या दिवशी फोन करून मशीन रीसेट करून ठेवायला सांगा आणि पहिला सेटअप तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तुमच्या डोळ्यांसमोर करा. इंटरनेट न जोडता केलेल्या सेटअपमध्ये ही गोष्ट कळत नाही.

बॅटरीचा अंदाज टास्कबारवरच्या टक्क्यांवरून येत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवर’ला जोडून सीएफजी, मग एक स्पेस, तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरी रिपोर्ट’ हे दोन शब्द जोडून लिहा, एंटर दाबा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ ५०,००० आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ३८,००० असेल तर बॅटरी ७६ टक्के उरली. ८० च्या वर उत्तम, ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत लॅपटॉपच्या किमतीतून वजा करून मागा. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून निघणारी. दोन्हींचे आकडे बघा. त्याच मॉडेलचं टाइप-सी चार्जिंगही तपासा, कारण ते पोर्ट चालवणाऱ्या थंडरबोल्ट चिपच्या जुन्या फर्मवेअरमुळे (चिपमधल्या सॉफ्टवेअरमुळे) ते कायमचं बिघडल्याच्या तक्रारी होत्या आणि लेनोव्होला त्यासाठी अपडेट काढावा लागला.

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये रॅमचे किती स्लॉट भरलेत ते दिसतं. दोनपैकी एक मोकळा असेल तर पुढे वाढवायची सोय झाली. सेटिंग्जमधलं ‘ॲक्टिव्हेशन’ही उघडा. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलेलं असावं. ‘ऑर्गनायझेशन’च्या सर्व्हिसनं ॲक्टिव्ह केल्याचं दिसलं तर ते लायसन्स तुमचं नाही. शेवटी पूर्ण ब्राइटनेसवर पांढरं पान उघडून डाग बघा, आणि एक व्हिडिओ पंधरा मिनिटं चालवून ठेवा. तेवढ्यात पंखा घरघरायला लागला किंवा मशीन मांडीवर धरवेना, तर आतली धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून मागा.

इथल्या हवेत, इथल्या विजेवर

नवा घेताना ब्रँडच्या साइटवर तुमचा पिनकोड टाकून ऑनसाइट सर्व्हिस घरापर्यंत येते का ते बघा. शहरात येणारा माणूस गगनबावड्याला किंवा चंदगडला येईलच असं नाही, आणि दुरुस्तीसाठी मशीन पुण्याला गेलं तर तेवढे दिवस लिखाण थांबतं.

पावसाळ्यात लॅपटॉप बॅगेत घालून आठवडेच्या आठवडे ठेवू नका, दोन-तीन दिवसांआड तासभर चालवा. ओल्या बॅगेतून काढला तर लगेच सुरू न करता आधी कोरडा होऊ द्या. चार्जिंगला असताना धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष बहुधा लॅपटॉपचा नसतो, घरातल्या अर्थिंगचा असतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर चालवू नका.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून मागा. तो मशीनच्या खालच्या बाजूला असतो आणि बायोसमध्येही दिसतो, दोन्ही जुळायला हवेत. वापरलेल्या मशीनवर ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची, बॅटरी आणि चार्जर तिच्यात धरलेत की नाही, हे बिलावरच लिहून घ्या. मग त्या मुदतीत रोज एकदा फुल चार्ज करून बॅटरीवर पूर्ण उतरेपर्यंत लिहीत बसा. खराब बॅटरी, सैल चार्जिंग पोर्ट आणि अडकणारी बटणं बहुतेक याच दिवसांत उघडी पडतात, आणि तोवर बदलून देणं दुकानदाराच्या अंगावर असतं.