लिलीचे उतीसंवर्धन: मराठवाड्याच्या हवामानाचा हिशेब धरून

अर्धापूर (जि. नांदेड) परिसरातील केळी उत्पादकांना उतीसंवर्धित, म्हणजे वनस्पतीच्या लहान तुकड्यापासून प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, रोपे नवी नाहीत. लिलीत मात्र बाटलीतून इवले कंद काढले जातात आणि थंडी मिळाल्याशिवाय ते नीट उगवत नाहीत. म्हणून वेळापत्रक लागवडीपासून उलटे मोजावे. नोव्हेंबरमध्ये लागवड करायची असेल, तर खवले (कंदाच्या मांसल पाकळ्या) मे महिन्यातच माध्यमावर, म्हणजे बाटलीतल्या पोषक जेलीवर, ठेवलेले असावेत.

मातृकंद (ज्याचे खवले घ्यायचे तो मूळ कंद) निरोगी निवडावा, कारण खवल्यांतून विषाणूही पुढच्या पिढीत उतरतो. शंका असल्यास ०.२ ते ०.५ मिलीमीटरचा शेंड्याचा विभाजी भाग (जिथे नव्या पेशी तयार होतात तो कोवळा भाग) घेऊन, तयार झालेल्या रोपांची विषाणूचाचणी करावी.

बाहेरचे मळके खवले टाकून आतले सुटे करावेत. वाहत्या पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, नंतर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १५ मिनिटे बुडवावेत आणि लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या, जंतुरहित हवेच्या कपाटात) निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवावेत. कंद मातीत वाढत असल्याने सर्वाधिक बाटल्या याच टप्प्यावर बुरशीने वाया जातात. खवल्याच्या बुडाकडचा साधारण एक सेंटीमीटरचा तुकडा कापून त्याची फुगीर बाजू माध्यमाला टेकवावी. टोकाकडच्या भागातून कंद कमी फुटतात.

माध्यम मुराशिगे-स्कूग (वनस्पतींना लागणाऱ्या क्षारांचे ठरलेले मिश्रण). प्रतिलिटर ३० ग्रॅम साखर, ०.५ मिलीग्रॅम बीएपी, ०.१ मिलीग्रॅम एनएए (ही दोन्ही वाढीची संप्रेरके) व घट्टपणासाठी ८ ग्रॅम अगार घालून, सामू (आम्लतेचे माप) ५.८ ठेवून १२१ अंशांवर २० मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करावे. येथील बोअरचे पाणी जड असल्याने माध्यमासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. संवर्धनकक्ष २२ ते २५ अंशांवर हवा. भारनियमनाच्या गावात एसीला जनरेटरची जोड नसेल, तर हे काम हाती न घेतलेलेच बरे.

सहा ते आठ आठवड्यांत फुटलेले कंद वेगळे करून प्रतिलिटर ६० ते ९० ग्रॅम साखरेच्या, संप्रेरकरहित माध्यमावर अंधारात दोन महिने पोसावेत. त्यानंतर ४ ते ५ अंशांवर आठ आठवडे थंडी द्यावी. घरचा फ्रीजही चालतो, पण त्यात फळे ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणारा इथिलीन वायू कंदांना बाधतो.

बाहेर काढल्यावर कंदांना चिकटलेले अगार पूर्ण धुवावे आणि कंद निर्जंतुक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व परलाइटच्या (फुगवलेल्या हलक्या खनिजाच्या) मिश्रणात, शेडनेटखाली लावावेत. आमच्या काळ्या जमिनीत पाणी साचून कंद सडतो, म्हणून पुढेही कुंड्या किंवा गादीवाफेच बरे. पहिल्या हंगामात फुलाची अपेक्षा धरू नये. मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागताच पाणी तोडावे आणि कंद काढून, ओलसर कोकोपीटमध्ये भरून पुढच्या लागवडीपर्यंत शीतगृहात ठेवावेत.