लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी गियर ऑइल आणि ॲडिटिव्ह कसे निवडावे

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्यात आणि निपाणी, चिकोडी, अथणी भागात ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या गाडीचे एक मागचे चाक चिखलात गरगर फिरत राहते आणि दुसरे जागचे हलत नाही, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. डिफरन्शियल म्हणजे मागच्या ॲक्सलमध्ये इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटून देणारा गियरचा संच. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलच्या नेहमीच्या प्रकारात साइड गियरच्या मागे क्लच प्लेटांचा एक संच बसवलेला असतो आणि त्या प्लेटा एकमेकींवर दाबल्या जात असल्याने चाकांच्या वेगातील फरकाला अडवले जाते. म्हणूनच या हौजिंगमधील, म्हणजे डिफरन्शियलच्या कवचातील, ऑइलला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: क्राऊन-पिनियन या मुख्य गियर-जोडीचे दात झिजू द्यायचे नाहीत आणि प्लेटांचे घर्षण मात्र पुसून टाकायचे नाही.

त्यामुळे ऑइल विकत घेण्यापूर्वी हौजिंगमध्ये नेमके काय बसवलेले आहे, हे निश्चित करावे. बऱ्याच दहा चाकी टिपरमध्ये केबिनमधील स्विचने लागणारे डिफरन्शियल लॉक असते. तो दातेरी जोड असतो, त्यात घर्षणाच्या प्लेटा नसतात आणि त्याला कोणतेही ॲडिटिव्ह लागत नाही. काही नव्या पिकअपमध्ये घसरणारे चाक ब्रेकने रोखून तसाच परिणाम साधला जातो. तेथेही डिफरन्शियल साधेच असते. महिंद्रा थारसारख्या गाड्यांत आढळणारे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल हा आणखी वेगळा प्रकार असून त्यात स्वतःच्या मनाने ॲडिटिव्ह घालणे टाळावे. हेलिकल म्हणजे तिरक्या दातांच्या गियरच्या प्रकारात पकड दातांच्या रचनेतूनच येते, म्हणून त्यालाही सहसा ॲडिटिव्हची आवश्यकता नसते. थोडक्यात, बाटलीतले ॲडिटिव्ह प्रामुख्याने प्लेटांच्या प्रकारासाठीच असते.

खात्रीचा मार्ग म्हणजे गाडीची माहितीपुस्तिका आणि हौजिंगवरील पत्रा. तो पत्रा गंजून गेला असल्यास प्रत्यक्ष तपासणी करता येते. गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, कारण मागची चाके फिरवण्यासाठी हँडब्रेक सोडावा लागणार आहे. मागचा ॲक्सल भक्कम स्टँडवर घेऊन, गियर न्यूट्रलला ठेवून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर आत कार्यरत प्लेटांचा संच आहे, असे समजावे. ते उलट दिशेने फिरले तर डिफरन्शियल साधे असेल, वर सांगितलेल्या अन्य प्रकारांपैकी असेल किंवा प्लेटा झिजून गेलेल्या असतील. म्हणून या एकट्या खुणेवर निर्णय घेऊ नये. एकच चाक उचलून इंजिनाच्या जोराने गियर टाकून पाहण्याचा प्रकार कधीही करू नये, कारण जमिनीवरच्या चाकाला जोर मिळून गाडी स्टँडवरून निसटू शकते.

आता ऑइलचा दर्जा. आपल्याकडे दुकानात ‘नव्वद नंबर’ मागितले की ‘ईपी ९०’ लिहिलेला डबा पुढे येतो. परंतु तो आकडा केवळ घट्टपणा सांगतो, दर्जा सांगत नाही, आणि याच नावाने जीएल-४ तसेच जीएल-५ या दोन्ही दर्जांची ऑइले विकली जातात. हायपॉइड, म्हणजे पिनियन मध्यरेषेपासून सरकवून बसवलेल्या, क्राऊन-पिनियनमध्ये दात एकमेकांवरून घासत सरकतात, त्यामुळे तेथे गंधक व फॉस्फरसयुक्त रसायने अधिक प्रमाणात असलेले एपीआय जीएल-५ हवे. डब्याच्या मागच्या बाजूस हा शब्द स्पष्ट छापलेला नसेल तर तो डबा परत ठेवावा. हेच जीएल-५ उरले म्हणून गियरबॉक्समध्ये ओतणे मात्र चूक आहे, कारण अनेक गियरबॉक्समध्ये गियर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ते मानवत नाही.

घट्टपणाबाबत माहितीपुस्तिकेतील ग्रेडला प्राधान्य द्यावे. ८०डब्ल्यू-९० मधील ‘८०डब्ल्यू’ हा आकडा थंडीतला घट्टपणा दाखवतो आणि उणे २६ अंश सेल्सिअसच्या कसोटीवर ठरतो. बेळगावच्या थंडीत ती कसोटी कधीच लागत नाही, त्यामुळे आपल्या दृष्टीने दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. ‘९०’ म्हणजे १०० अंशांना १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक) इतका घट्टपणा. तवंदी किंवा चोर्ला घाटातून सतत भरलेली गाडी नेणाऱ्यास त्याहून घट्ट ८५डब्ल्यू-१४० घ्यावेसे वाटते, पण उत्पादकाने जड वाहतुकीसाठी तो पर्याय दिलेला असेल तरच तो स्वीकारावा.

ॲडिटिव्हच्या बाबतीत सर्वाधिक काळजी आवश्यक आहे, कारण गैरसमज येथेच जास्त आहेत. वळणावर मागून ‘कट-कट’ आवाज येणे व गाडी थरथरणे याचे एक नेहमीचे कारण म्हणजे प्लेटा क्षणभर चिकटून पुन्हा सुटणे. फ्रिक्शन मॉडिफायर हे ॲडिटिव्ह प्लेटांना चिकटू न देता सलग सरकू देते. ते ‘ताकद वाढवणारे’ औषध नव्हे. प्रमाणाबाहेर घातले तर प्लेटा सतत घसरतात आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते डिफरन्शियल साध्यासारखेच वागू लागते. डब्यावर ‘एलएस’ किंवा ‘लिमिटेड स्लिप’ लिहिलेले असेल तर मॉडिफायर आधीच मिसळलेला असतो. अशा ऑइलमध्ये सुरुवातीला काहीही घालू नये. साधे जीएल-५ वापरत असाल आणि उत्पादकाने मॉडिफायर सांगितला असेल, तर बाजारात अनेकदा ११८ मिलिलिटरची बाटली मिळते. अडीच लिटरच्या हौजिंगमध्ये ती पावणेपाच टक्क्यांच्या आसपास भरते. गाडीसाठी सांगितलेले प्रमाण मोजपात्राने मोजूनच घालावे. ग्रॅफाइट, मॉलिब्डेनम किंवा टेफ्लॉन असलेली ‘सर्व रोगांवर एकच औषध’ छापाची ॲडिटिव्हे या हौजिंगपासून दूर ठेवावीत.

बदलताना गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करावे आणि आधी भरण्याचा प्लग सैल होतो का, ते पाहावे; नंतरच निचऱ्याचा प्लग काढावा, अन्यथा रिकामे हौजिंग घेऊन गाडी जागीच अडकते. चुंबकी प्लगवर बोटाला मलमासारखा लागणारा करडा गाळ सामान्य आहे. नखाने टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसल्यास नवे ऑइल भरण्याआधी मिस्त्रीला हौजिंग उघडायला सांगावे. ऑइल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे, म्हणजे ओढा पार करताना ब्रीदरच्या (हौजिंगमधील हवा बाहेर जाण्याच्या नळीच्या) वाटे किंवा सीलमधून ते शिरले असण्याची शक्यता असते. ब्रीदर चिखलाने बुजलेला राहिला तर आतील दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, म्हणून पावसाळ्यात तो वेळोवेळी साफ करावा. मॉडिफायर लागत असल्यास तो आधी ओतून मग ऑइल भरावे आणि समतल उभ्या गाडीत पातळी भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आणावी. जुने ऑइल कॅनॉलमध्ये किंवा शेताच्या बांधावर न ओतता अधिकृत संकलकाकडे द्यावे. घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते.

भरल्यानंतर मोकळ्या मैदानात अगदी सावकाश आठ या आकड्यासारखी डावी-उजवी वळणे घ्यावीत, म्हणजे नवे ऑइल प्लेटांच्या फटींत पोहोचते. त्यानंतरही थरथर राहिली तर आधी मागच्या टायरांकडे पाहावे: एका बाजूला रिमोल्ड आणि दुसऱ्या बाजूला नवा टायर, किंवा हवेत मोठा फरक असेल, तर चाकांचा घेर वेगळा पडून सरळ रस्त्यावरही प्लेटा घासत राहतात आणि कोणतेही ऑइल लवकर करपते. टायर सारखे असूनही आवाज येत असेल तरच मॉडिफायर थोडा थोडा, सुमारे ३० मिलिलिटरच्या मापाने, उत्पादकाच्या मर्यादेपर्यंत वाढवावा आणि प्रत्येक वेळी पुन्हा आठची वळणे घेऊन पाहावे. मर्यादा गाठूनही फरक पडला नाही तर प्लेटा किंवा बेअरिंग तपासण्यासाठी हौजिंग उघडावे.