शॅटर्ड पिक्सेल डंजनमध्ये सारखं मरताय? नशिबाला शिव्या घालायच्या आधी या चुका टाळा

शॅटर्ड पिक्सेल डंजन म्हणजे तळघरात मजल्यामागून मजला उतरत राक्षसांशी लढायचा गेम, आणि त्याबद्दल लोकांची मतं वाचायला बसलं की दोनच जातीची माणसं भेटतात. एक म्हणतो गेम एक नंबर आहे, अँड्रॉइडवर फुकट आहे, जाहिरात नाही, नेट लागत नाही, कसाऱ्याच्या लोकलमध्ये रेंज गेली तरी आपला चालू, पाच स्टार. दुसरा म्हणतो सगळा नशिबाचा बाजार आहे, तिसऱ्या मजल्यावर खेकड्याने फाडला, पोशन (बाटलीतलं जादूचं औषध) प्यायलो तर अंगाला आग लागली, असा कुठे गेम असतो का, एक स्टार. आता हा दुसरा माणूस अगदीच खोटं बोलत नाही, या गेममध्ये पत्ते वाईट पडतात हे खरंच आहे, पण त्या पत्त्यांमधले काही गेम दर वेळी न चुकता हातात देतो आणि ते बऱ्याच जणांना माहीतच नसतात. खालच्या निम्म्याअधिक चुका त्यातूनच होतात.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. मूळ पिक्सेल डंजन वाताबू या नावाने गेम बनवणाऱ्या ओलेग डोल्याचा, २०१२ चा. पुढे त्याने कोड सगळ्यांना खुला केला आणि २०१४ मध्ये एव्हन डेबेनहॅमने त्यावरून शॅटर्ड काढला, तो आजपर्यंत अपडेट होतोय. एकूण २६ मजले, दर पाच मजल्यांनी वातावरण बदलतं, आधी गटारं, मग तुरुंग, मग गुहा, मग बुटक्यांचं शहर, शेवटी राक्षसांची दालनं, आणि ५, १०, १५, २०, २५ या मजल्यांवर बॉस. मेलात की पहिल्यापासून सुरुवात, सेव्ह लोड करून परत येणे वगैरे लाड नाहीत. १९८० च्या रोग (Rogue) या गेमपासून ही पद्धत चालत आलीये आणि खाली जाऊन जी अॅम्युलेट ऑफ येंडोर (एक ताईत) आणायची असते ती पण तिथलीच.

"अपग्रेड मिळतच नाहीत" म्हणणारे

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आणि सगळ्यात चुकीची. गेम दर पाच मजल्यांच्या टप्प्यात ३ स्क्रोल ऑफ अपग्रेड (वस्तू सुधारणारी जादूची गुंडाळी) आणि २ पोशन ऑफ स्ट्रेंथ (हिरोची ताकद वाढवणारं) देतोच देतो, म्हणजे पूर्ण रनमध्ये (एका अख्ख्या डावात) १५ अपग्रेड आणि १० स्ट्रेंथ, यात नशिबाचा काही संबंध नाही. तुम्ही चौथ्या मजल्याच्या जिन्यापाशी उभे आहात आणि आतापर्यंत दोनच अपग्रेड मिळालेत, तर तिसरा मागे कुठेतरी पडलाय नाहीतर न वाचता बॅगेत आहे. मग मागे जा, लपलेलं दार शोधा, कुलूपबंद खोलीची किल्ली त्याच मजल्यावर असते ती शोधा. ज्याला घाई असते तो दिसला जिना की उतरतो आणि बाराव्या मजल्यावर दहा स्ट्रेंथ घेऊन फिरतो, आणि मग गेम अनफेअर.

आता मिळालेले अपग्रेड कुठे घालायचे. एक तलवारीला, दोन चिलखताला, एक अंगठीला, एक कांडीला, असे प्रसादासारखे वाटले की कशाचाच उपयोग होत नाही, कारण खालचे राक्षस मजल्यागणिक तगडे होत जातात आणि तुमच्याकडे सगळंच अर्धवट. एक वस्तू धरा. चिलखत धरायचं का हत्यार यावर लोक रात्र रात्र भांडतात, माझं मत चिलखत, निदान नवीन माणसाने तरी, कारण कमी मार बसला की चूक सुधारायला चार टर्न जास्त मिळतात. हिरो मेज (Mage, म्हणजे जादूगार) असेल तर प्रश्नच नाही, सगळं त्याच्या काठीत.

आणि स्ट्रेंथ बघा. हिरो सुरुवातीला १० चा असतो, प्लेट चिलखताला १८ लागते. पहिल्याच टप्प्यात प्लेट सापडलं म्हणून खूश होऊन लगेच घालणारे लोक आहेत, आणि मग हिरो कासवासारखा चालतो, एकही वार चुकवू शकत नाही आणि तक्रार काय तर चिलखत असून मेलो. जड हत्याराचं पण तेच, नेम चुकतो आणि हात हळू चालतो. अपग्रेडने ही अट थोडी खाली येते, पहिल्या अपग्रेडला १, तिसऱ्याला आणखी १, सहाव्याला आणखी १, त्यामुळे भारी वस्तू ठेवून द्यायला हरकत नाही, पण हिशोब करून.

पोशन पिऊन बघू काय होतंय ते

पोशनचे एकूण १२ प्रकार आणि रंग दर रनला बदलतात, त्यामुळे मागच्या वेळी लाल म्हणजे हीलिंग होतं हे विसरा. त्यात आग, विषारी गॅस, लुळं पाडणारा गॅस आणि बर्फ हे चार असे की ते प्यायचे नाहीत, फेकायचे. त्यामुळे अनोळखी पोशन मारामारीच्या मध्यात, हेल्थ पाचवर आल्यावर, "हीलिंग असेल तर वाचलो" म्हणून पिणे हा शुद्ध जुगार आहे आणि या गेमबद्दलच्या निम्म्या शिव्या याच क्षणी दिल्या जातात. प्यायचंच असेल तर पूर्ण हेल्थ असताना, आजूबाजूला कोणी नसताना, पाण्याच्या कडेला आणि दाराजवळ प्या, म्हणजे आग लागली तर पाण्यात उडी, गॅस सुटला तर दाराबाहेर.

अंदाज लावायचीही सोय आहे. पहिल्या दोन-तीन मजल्यांवर एकाच रंगाच्या दोन बाटल्या जमल्या तर ती हीलिंग किंवा स्ट्रेंथ असायची शक्यता चांगली, ती फेकून वाया घालवू नका. स्क्रोलमध्ये तसेच जोडीने येणारे म्हणजे आयडेंटिफाय नाहीतर अपग्रेड. शिवाय प्रत्येक हिरोला सुरुवातीलाच एक पोशन आणि एक स्क्रोल ओळखता येतो, वॉरियरला हीलिंग, ड्युएलिस्टला स्ट्रेंथ, मेजला अपग्रेड, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. नवीन माणसाने वॉरियर घ्यावा असं जे म्हणतात त्याचं एक कारण हे पण आहे, हीलिंग कोणती हा प्रश्नच उरत नाही.

अजून एक, आणि हे मला स्वतःला या गेममधलं सगळ्यात सुंदर डिझाइन वाटतं. कधीकधी एखादी खोली लाकडाच्या अडसराने बंद दिसते, किंवा पाण्याने भरलेल्या खोलीत पिरान्हा मासे फिरत असतात आणि पलीकडे बक्षीस ठेवलेलं असतं, किंवा मध्ये खड्डाच खड्डा. लोक बघतात, चरफडतात, निघून जातात. अरे बाबांनो, त्याचं उत्तर त्याच मजल्यावर ठेवलेलं असतं! लाकडाला लिक्विड फ्लेम म्हणजे आगीचं पोशन, पिरान्हाला इनव्हिजिबिलिटी, खड्ड्याला लेव्हिटेशन, गॅसच्या खोलीला प्युरिटी, जादूच्या आगीला फ्रॉस्ट. ते पोशन बहुतेक वेळा उघड्यावर जमिनीवरच पडलेलं असतं, फक्त त्याच्यावर नाव नसतं. म्हणजे लाकडी अडसर असलेल्या मजल्यावर एखादा नवीन रंग उघड्यावर सापडला तर तो पिऊन बघायचा नाही, अडसरावर फेकायचा. दर वेळी बरोबर येईल असं नाही, पण बरोबर आला तर खोलीही उघडते आणि आगीचा रंगही पूर्ण रनसाठी कळतो. एक स्टार देणारा भाऊ नेमका हाच पोशन पिऊन जळालेला असतो.

हीलिंग कोणती ते कळल्यावरही एक घोळ होतो. मूळ पिक्सेल डंजनमध्ये हीलिंग प्यायली की झटक्यात हेल्थ फुल व्हायची, शॅटर्डमध्ये ती काही टर्नमध्ये भरत जाते. त्यामुळे हेल्थ २ उरेपर्यंत थांबून मग समोर बॉस असताना प्यायलात तर पुढचाच फटका तुम्हाला संपवू शकतो. लवकर प्या. दहा हीलिंग साठवून मेलेल्या माणसाला कोणी मेडल देत नाही.

मोकळ्या मैदानात कुस्ती

खोलीच्या मध्यभागी उभं राहून तीन जणांशी मारामारी करायची आणि मग म्हणायचं एनिमी जास्त आहेत. मागे सरका. दाराच्या मागे बोळात एक घर (जमिनीवरचा एक चौकोन) आत उभे राहिलात की एका वेळी एकच जण मारू शकतो. माशांचा थवा, जो वार बसला की फुटून दोन होतो, त्याच्याशी तर बोळाशिवाय लढूच नका.

दाराचा दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे. बंद दारातून एनिमीला दिसत नाही. तुम्ही दारातून बाहेर या, दाराला लागून उभे राहा, दार आपोआप बंद होईल, मग वेट दाबत बसा. तो तुमच्या मागावर दारात पाऊल टाकतो त्या क्षणी मारा, तो वार सरप्राइज अटॅक धरला जातो आणि सरप्राइज अटॅक चुकत नाही. खंजीर हातात असेल तर वर जास्त डॅमेज. मग पुन्हा दोन पावलं मागे, पुन्हा दुसरं दार. हा सगळा प्रकार कंटाळवाणा वाटतो खरा, "गेम स्लो आहे" म्हणणाऱ्यांचं इथे मला पटतं, पण गटारातला खेकडा तुमच्या दुप्पट वेगाने चालतो, त्याच्यापासून पळता येतच नाही, तेव्हा दार हाच उपाय.

२ ते ४ मजल्यांमध्ये कुठेतरी एक दुःखी भूत भेटतं, त्याचं काम केलं तर हत्यार किंवा चिलखत यातलं एक निवडायला मिळतं आणि ते शापित नसतं, त्यामुळे काम सोडू नका. ते चौथ्या मजल्यावर भेटलं तर मोठ्या खेकड्याला मारायला सांगतं, आणि इथे लोक पाच-पाच मिनिटं त्याच्यावर वार करत बसतात आणि प्रत्येक वार ब्लॉक. बग आहे म्हणून तक्रार! बग नाहीये, तो समोरून दिसणारा प्रत्येक हल्ला अडवतो, त्याला न दिसता मारावं लागतं, म्हणजे परत तेच दार. भिंग दाबून त्याच्यावर टॅप केलं तर त्याच्या माहितीतच याचा इशारा असतो. या गेममध्ये वाचणाऱ्याचा फायदा होतो, प्रत्येक एनिमीची, प्रत्येक गवताच्या पातीची माहिती टॅप केली की दिसते, आणि कोणी वाचत नाही.

पाचव्या मजल्यावरचा बॉस गू (Goo), तो काळा चिकट गोळा, त्याच्याबाबतीत दोनच गोष्टी. तो फुगायला लागला की तिथे उभं राहायचं नाही, फुगल्यावर त्याचा फटका दोन घरांपर्यंत पोचतो, तेव्हा त्याहून लांब जा किंवा कशाच्या तरी आड व्हा. आणि त्याला पाण्यात उभं राहू देऊ नका, पाण्यात तो बरा होत जातो. गुहांमधला बॉस डीएम-३०० असाच, मध्येच त्याला काहीच लागेनासं होतं, तेव्हा त्याला बडवत बसू नका, त्याला वीज पुरवणारा खांब फोडायचा असतो.

भूक

साधारण ३०० टर्नला हंग्री दिसतं आणि ४५० ला स्टार्व्हिंग. हंग्री म्हणजे नुसती सूचना, त्याने काही बिघडत नाही. साधं रेशन ३०० टर्नचं असतं, ते हंग्री दिसल्यावर खाल्लं तर बरोबर बसतं, पण पेस्टी हा खाऊ ४५० चा, ती स्टार्व्हिंगच्या जवळ गेल्यावर खा, नाहीतर एक तृतीयांश वाया. आणि हेल्थ अर्धी असताना खालच्या मजल्यावर उतरू नका, थांबून भरून घ्या, गेम शोधणाऱ्याला पुरेल इतकं अन्न देतो. फक्त अनुभव मिळवायला जुन्या मजल्यावर रेंगाळू नका, तुमची लेव्हल पुढे गेली की तिथले एनिमी अनुभव देणं बंद करतात.

गेम नव्हे, फोन त्रास देतोय

जुन्या फोनवर अडकत असेल तर सेटिंगमध्ये पॉवर सेव्हर आहे, चित्रं आणखी ठोकळ्यासारखी दिसतात पण चालतं. चुकीच्या घरावर टॅप होऊन मरणं ही तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, छोट्या स्क्रीनवर होतंच, त्यासाठी झूम वाढवा आणि व्हिज्युअल ग्रिड चालू करा. मारामारीत लांबच्या घरावर टॅप करू नका, एकेक घर चाला. अॅप काढून टाकलं तर बॅज आणि रँकिंग पण जाऊ शकतात, जागा करायला म्हणून उडवू नका.

आणि कोड खुला असल्यामुळे या गेमची डझनावारी भावंडं आहेत, त्यामुळे सल्ला कुठल्या गेमचा आहे ते बघा. हंट्रेसकडे बूमरँग असायचा तो मूळ गेममध्ये, शॅटर्डमध्ये तिच्याकडे धनुष्य आहे, तरी लोक बूमरँग कुठे गेला विचारत फिरतात.

राहता राहिला आंख (Ankh), मेल्यावर परत जिवंत करणारी वस्तू. तो सापडला की लोकांना वाटतं आता एक जीव जास्त झाला आणि बिनधास्त उतरतात. नुसत्या आंखने तुम्ही परत येता, पण सोबत फक्त दोन निवडलेल्या वस्तू, बाकीचा माल जिथे मेलात तिथे जाऊन गोळा करायचा, आणि तिथे तुम्हाला मारणारा अजून उभाच असतो. पाण्याची पिशवी २० थेंबांनी पूर्ण भरलेली असेल तर ती ओतून आंख ब्लेस करता येतो, मग जिथे मेलात तिथेच सगळ्या सामानासकट उठता. पिशवी भरली की ती हेल्थसाठी पिऊन टाकायच्या आधी बॅगेत आंख आहे का ते एकदा बघा.