रंगवायची चित्रं छापताय? आधी या चुका टाळा

मे महिन्याची दुपार, बाहेर ऊन मी म्हणतंय, घरात तीन पोरं आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेलं गणपतीचं चित्र. छापलं, हातात दिलं. पाच मिनिटांत भाची रडवेली होऊन आली, "मावशी, माझा पिवळा काळा झाला!" खरंच, स्केचपेनचं टोक काळपट पडलं होतं आणि सोंडेभोवती राखाडी ओघळ होते. मी तिलाच म्हणाले, "हळू रंगव ना गं." पण ती बरोबरच रंगवत होती. घोळ छापण्यात होता, म्हणजे माझ्याकडूनच झाला होता.

घरच्या बऱ्याचशा इंकजेट, म्हणजे ओल्या शाईने छापणाऱ्या, प्रिंटरची शाई पाण्याने सुटते. स्केचपेनची शाईही पाण्याचीच. ओलं टोक रेघेवरून फिरलं की काळी शाई सुटते, टोकाला चिकटते आणि पुढच्या रंगात मिसळत जाते. जलरंगांचं तर विचारूच नका. यावरचा उपाय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. घरी एकच प्रत छापायची आणि तिच्या झेरॉक्स काढून आणायच्या. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, टोनरची पूड असते. ती उष्णतेने कागदावर वितळून बसते, पाण्याला दाद देत नाही. अल्कोहोलवाले मार्कर वापरणाऱ्या मोठ्यांना मात्र कधीकधी उलटा अनुभव येतो. त्यातले काही मार्कर टोनरच फासतात, तिथे नीट वाळलेला इंकजेट बरा. आपल्याकडे काय आहे ते माहीत नसेल तर पानाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढून बघा, दहा सेकंदांचं काम. काळं पडलेलं स्केचपेन फेकू नका. रद्दी कागदावर गिरवत राहिलं की पिवळा परत येतो.

त्या गणपतीच्या रेघाही जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तुटक आल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फोटो म्हणून पाठवलं की ते आकसतं. सेव्ह करून पुन्हापुन्हा पाठवलेलं असेल तर बघायलाच नको. ए४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्वच्छ छापायचं तर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलच्या आसपास हवं. गुगलवर शोधल्यावर दिसणारं छोटं चित्रच सेव्ह करतात, तीही हीच चूक. मूळ पानावर जाऊन पीडीएफ उतरवा, आणि मैत्रिणीकडून मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" एवढं आठवणीने सांगा.

आता कडा कापल्या जाण्याबद्दल. पुष्कळशी पानं अमेरिकन लेटर मापाची असतात, २१६ बाय २७९ मिमी. आपला ए४ २१० बाय २९७. म्हणजे ते पान आपल्यापेक्षा रुंद आणि आखूड. त्यात प्रिंटर चारी बाजूंना थोडी जागा सोडतोच. 'अ‍ॅक्चुअल साइझ' ठेवलं की मोराचा पिसारा गेला म्हणून समजा. 'फिट टू पेज' निवडा. आणि काळंपांढरं चित्र छापतानाही काही प्रिंटर रंगीत शाई वापरतात, तेव्हा 'ग्रेस्केल' किंवा 'ब्लॅक ओन्ली' बघून घ्या. लहानांसाठी ड्राफ्ट मोड, म्हणजे कमी शाईत छापणं, नको, रेघ फिकी येते. पेन्सिलींनी रंगवणाऱ्या मोठ्यांनी मात्र तो मुद्दाम वापरावा असं माझं मत आहे. फिकी रेघ रंगात मुरते आणि चित्र छापील वाटत नाही.

कागदाचं थोडक्यात. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). मेणखडूला तो चालतो, स्केचपेन मात्र आरपार जातं आणि टेबलावर उमटतं. १०० किंवा १२० जीएसएम घेतला की निम्मी कटकट मिटते, नाहीतर खाली पुठ्ठा ठेवा. 'चांगला' म्हणून चकचकीत फोटोपेपर अजिबात आणू नका, त्यावर खडू नुसता घसरतो.

चित्र निवडण्यातली चूक अशी, की आपल्याला आवडलेलं आपण पोरांच्या हातात देतो. तीन वर्षांच्या मुलाला बारीक जाळीचं मंडल दिलं तर तो त्यावर एक मोठा गोल काढून मोकळा होणार, आणि त्यात काही गैर नाही. त्याला पानभर एकच हत्ती द्या, जाड रेघेचा. जांभळा रंगवला तर जांभळा. वारलीची 'रंगवा' पानं तर मला कोड्यात टाकतात. ती माणसं मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी काढलेली, काडीसारखी बारीक. त्यांच्यात रंग भरायला जागा कुठली? त्यापेक्षा वह्यांना घालतो त्या खाकी कव्हरच्या कागदावर पांढऱ्या पोस्टर कलरने काढू द्या.

मोठ्यांची ठरलेली चूक म्हणजे रंगीत पेन्सिल पहिल्याच हाताला दाबून फिरवणं. कागदाचा खरखरीतपणा मेणाने भरून जातो, वर चकाकी येते आणि दुसरा रंग बसतच नाही. हलक्या हाताने दोन-तीन थर द्या, फिका आधी, गडद नंतर. दाबलं गेलंच तर खोडरबर घासू नका, डाग पसरतो. कमी चिकट मास्किंग टेप हलकेच टेकवून उचला, बराच रंग निघून येतो. उजव्या हाताने रंगवणाऱ्यांनी डावीकडून, वरून सुरुवात करावी आणि तळव्याखाली कोरा कागद ठेवावा. ऑइल पेस्टल असेल तर हे पाळाच.

माझ्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक घरं दिसेनात, म्हणून तिने दोन दिवसांत रंगवणं सोडून दिलं होतं. मग तिच्या आवडीच्या ठिपक्यांच्या रांगोळीचं पान झेरॉक्सवाल्याकडून १४१ टक्क्यांवर ए३ करून आणलं. ए४चं बरोबर ए३ होतं, दुकानात आकडा सांगितला की पुरे. चारही कोपऱ्यांना टेप लावून ते टेबलावर पक्कं केलं, म्हणजे कागद धरायला दुसरा हात लागत नाही. आता एका बाजूला आई बसते, समोर भाची, आणि कमळाच्या पाकळीला पोपटी की शेवाळी यावरून दोघींचं रोज वाजतं. पान अजून अर्धंच झालंय.