प्राचीन इतिहासात पीएचडी करायचीय? आधी लिपी शिका, विषय नंतर बघू

एमएचे निकाल लागले की दर वर्षी तीन-चार मेसेज ठरलेले, दादा प्राचीन इतिहासात पीएचडी करायचीय, एखादा चांगला विषय सुचवा ना. मी उलट विचारतो, ब्राह्मी, म्हणजे त्या काळच्या कोरीव लेखांची लिपी, वाचता येते का? की मग निळी टिक दिसते आणि पुढे शांतता. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवायची.

माझंही हेच झालं होतं बरं का. पहिला प्रपोजल काय तर 'सातवाहनकालीन महाराष्ट्राचे सांस्कृतिक जीवन', साडेचारशे वर्षं आणि अख्खा महाराष्ट्र एका दमात. इंटरव्ह्यूला एका सरांनी कोरीव लेखाचा फोटो पुढे सरकवला आणि म्हणाले पहिली ओळ वाचा. मला 'सिधं', म्हणजे लेखाच्या सुरुवातीचा ठरलेला शुभशब्द, तो सुद्धा वाचता आला नाही. पाच मिनिटांत बाहेर.

तर लिपी कशाला, भाषांतरं तर छापलेली आहेत की, असं वाटतं ना? मग नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यापुढे जाऊन उभे राहा. क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याचा लेख आहे तिथे. 'इमं लेणं नियातितं' म्हणजे हे लेणं दिलं, बघा, 'लेणं' हा शब्द जसाच्या तसा आपला. वर्ष ४२, पण ४ आणि २ असं नाही लिहिलेलं, चाळीसची एक खूण आणि पुढे दोनची खूण, कारण शून्य आणि स्थानाची किंमत ही भानगडच नाही तेव्हा. पुढे तो ३००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, अक्षयनीवी ठेवतो, म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज खायचं, आपली एफडीच. त्यातले २००० एका 'कोलिकनिकाया'त, निकाय म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना, श्रेणी. हा शब्द वाचून आपल्याला कोळीवाडा आठवतो आणि तिथेच फसतो माणूस, कारण हे कोलिक म्हणजे विणकर, आपले कोष्टी म्हणा. दर महिन्याला शेकडा एक व्याज, वर्षाचे २४०, आणि त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. करा गुणाकार, बरोबर २४० येतात! उरलेले १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दर 'पायून', म्हणजे आपलं पाऊण टक्का. हे पहिल्यांदा स्वतः लावलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नव्हती. भाषांतरात हा आकडा नुसता पॉइंट सेव्हन फाइव्ह होऊन बसतो आणि त्यातलं मराठी कान असलेल्या माणसाला दिसलं असतं ते निघून जातं.

त्यामुळे क्रम असा ठेवा. ब्राह्मी अक्षरं रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत बसतात, वेळ लागतो तो प्राकृताला. संस्कृत दहावीपर्यंत घेतलं असेल तर फायदा आहे, नसेल तरी रडत बसू नका, लेखांची भाषा ठराविक साच्याची असते, कोण, कुणाचा, कुठला, काय दिलं. नाशिकचे लेख एपिग्राफिया इंडिका या कोरीव लेखांच्या मालिकेच्या आठव्या खंडात सेनार या फ्रेंच अभ्यासकाने दिलेत, कार्ल्याचे सातव्यात, ठशांच्या (लेखावर कागद दाबून घेतलेल्या छापाच्या) प्लेट्ससकट. आधी प्लेटवरून स्वतः वाचायचं, मग त्याचं वाचन उघडायचं आणि किती चुकलो ते लाल पेनने. मराठीतून हवं असेल तर वा. वि. मिराशींचं सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचं पुस्तक आहे, त्यात कोरीव लेखही आहेत. पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेज आणि भांडारकर संस्था, मुंबईत एशियाटिक सोसायटी, या तीन लायब्रऱ्यांच्या ओळखी आत्ताच करून ठेवा, पीएचडी लागल्यावर नाही.

आता विषय. जे साधन तुम्हाला मुळातून वाचता येतं आणि जिथे तुम्ही चार वेळा जाऊ शकता, त्यातून विषय काढा. जुन्नरच्या लेण्यांतले दाते (दान देणारे), तेर या जुन्या बाजारगावाची व्यापारी बाजू, नाशिकजवळच्या जोगळटेंभीची नाणी. या शेवटच्या साठ्यात तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, सगळी नहपानाची आणि बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला. नाण्यांत रस असेल तर वजनकाटा आणि धीर लागतो, लिपी थोडी कमी. शिल्पकला हा सोपा रस्ता वाटतो म्हणून घेऊ नका एवढंच सांगतो, तिथे गर्दी फार.

गाइड निवडताना लोक नाव बघतात, तुम्ही त्यांचं रिटायरमेंटही बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार ज्यांची नोकरी तीन वर्षांपेक्षा कमी उरलीय त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आणि एका प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार, एवढीच मर्यादा, म्हणजे आवडते सर फुल असू शकतात. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला चहाला भेटा आणि एकच विचारा, चॅप्टर दिल्यावर किती दिवसांत परत येतो. बाकी सगळं त्यातच कळतं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो कारण हे नियम दर वर्षी जरा हलतात, जाहिरात नीट वाचा. एमएला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला पाच टक्के सूट. नेट किंवा विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा. नेटला इतिहास वेगळा आणि पुरातत्त्व वेगळा विषय आहे, प्राचीनवाल्यांनी दोन्हींचा सिलॅबस समोर ठेवून ठरवा, सवयीने इतिहासचा फॉर्म भरू नका. नेटमधून जेआरएफ, म्हणजे यूजीसीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपा आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघा. फेलोशिप कुठलीही असो, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. पार्ट टाइम चालतं, ऑफिसची एनओसी लागते. घरबसल्या ऑनलाइन पीएचडी देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, यूजीसीला ती मान्यच नाही.

पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, नियमाने जास्तीत जास्त सहा, त्यात सुरुवातीचा कोर्सवर्क. पण खरा वेळ जातो फील्डवर. मी कान्हेरीला तीन दिवस वेड्यासारखे फोटो काढले, चारशेच्या वर, घरी येऊन बघतो तर कुठला फोटो कुठल्या लेण्यातला काही पत्ता नाही, आणि तिथे लेणी शंभरावर! परत जावं लागलं. आता लेण्यात शिरलो की पहिला फोटो वहीच्या पानाचा, त्यावर लेण्याचा नंबर, तारीख, वेळ. टॉर्च समोरून मारायचा नाही, भिंतीला चिकटवून बाजूने धरायचा, मग झिजलेल्या अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि 'व' आहे की 'च' ते कळतं. खडू, पीठ, पाणी काही लावायचं नाही भिंतीला, ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी. नाणेघाटाला पावसाळ्यात लेख वाचायला जाऊ नका, धुक्यात हातभर लांबचं दिसत नाही आणि रविवारी तर सेल्फीवाल्यांच्या रांगेतून सातवाहन राणी नागनिकेच्या लेखापर्यंत पोचणंच मुश्किल.

प्रबंध मराठीत लिहायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, पण संदर्भ इंग्रजीतच वाचावे लागणार हे धरून चला. रोज एक पान लिहा, वाईट लिहा पण लिहा, आणि दुसऱ्याचं वाक्य वहीत उतरवताना तिथल्या तिथे अवतरणचिन्ह आणि पान नंबर टाका, नाहीतर दोन वर्षांनी ते वाक्य आपलंच वाटायला लागतं आणि चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला ते बरोबर सापडतं.

व्हायवाचं, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेचं म्हणाल तर मला पहिलाच प्रश्न आला, उषवदाताच्या लेखातलं ते ४२ वर्ष कुठल्या संवतातलं? मी म्हटलं शक धरला तर इ.स. १२०, नहपानाचं स्वतःचं राज्यवर्ष धरलं तर तारीख बदलते, दोन्ही बाजूंचे विद्वान घडाघडा सांगितले. परीक्षक बाई म्हणाल्या ते सगळं प्रबंधात वाचलं मी, तुमचं मत काय? मी दोन सेकंद गप्प, मग जोगळटेंभीच्या नाण्यांपासून सुरुवात केली आणि पुढची चाळीस मिनिटं त्याच एका प्रश्नावर गेली.