फ्लो डेटा किती दिवस ठेवायचा? नवीन एनओसीवाल्यांसाठी माझे दोन घोळ

पहिल्या जॉबला एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणारी टीम) लागलो तेव्हा मला वाटायचं मॉनिटरिंग म्हणजे मोठ्या स्क्रीनवर ग्राफ बघत बसायचं आणि काही लाल झालं की फोन लावायचा. कलेक्शन (डेटा गोळा करणं), रिटेन्शन (तो किती दिवस ठेवायचा ते) वगैरे इन्स्टॉल करताना एकदा नेक्स्ट-नेक्स्ट केलं की झालं, असा समज. पहिल्या वर्षात त्याच्यामुळेच दोनदा तोंडावर पडलो.

पहिला किस्सा एमआरटीजीचा, म्हणजे लिंकवर किती ट्रॅफिक गेलं त्याचे ग्राफ काढणाऱ्या टूलचा. सर म्हणाले, "अरे, मागच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी लिंक फुल झाली होती ना, कुणी भरली ते बघ जरा." ग्राफ उघडला तर मंगळवार एकदम शांत! नंतर कळलं की एमआरटीजी जुना डेटा सरासरी काढत काढत ठेवतं, दिवसाच्या ग्राफला 5 मिनिटांची सरासरी, आठवड्याला 30 मिनिटांची, महिन्याला 2 तासांची आणि वर्षाला पूर्ण 1 दिवसाची. म्हणजे 20 मिनिटं लिंकवर 90 एमबीपीएस गेले आणि बाकी वेळ लाईन रिकामी असेल, तर 2 तासांच्या हिशोबात ते फक्त 15 दिसणार. विथपीक नावाचा ऑप्शन असतो, तो चालू केला की कमाल आकडाही राहतो, पण आमच्याकडे तो कुणी लावलाच नव्हता. आणि लावला असता तरी "कुणी" याचं उत्तर मिळालं नसतंच, कारण एसएनएमपी (एमआरटीजी ज्याने राऊटरला आकडे विचारतं तो प्रोटोकॉल) किती ट्रॅफिक गेलं ते सांगतं, कोणाचं ते नाही.

(एसएनएमपीचंच अजून एक. 1 जीबीपीएसच्या पोर्टवर 32 बिटचा काउंटर (पोर्टवरून किती बाइट गेले ते मोजणारा आकडा) लावू नका, पोर्ट फुल चालला तर तो साधारण 34 सेकंदांत फिरून शून्यावर येतो आणि तुम्ही दर 5 मिनिटांनी विचारताय, मग आकडे काहीही येतात. 64 बिटवाले एचसी काउंटर घ्यायचे.)

मग नेटफ्लो चालू केला, म्हणजे राऊटर प्रत्येक फ्लोची (कुणाकडून कुणाकडे किती डेटा गेला) नोंद पाठवतो, आणि त्या नोंदी साठवणारा कलेक्टर म्हणून एनएफडम्प. इथे मी दुसऱ्या टोकाला गेलो. एकदा डेटा नाही म्हणून बोलणी खाल्लेली, त्यामुळे सगळंच ठेवायचं, एक्स्पायरी काही लावलीच नाही. वर शहाणपणा असा की डेटा आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकाच पार्टिशनवर. व्हायचं तेच झालं, रात्री डिस्क 100 टक्के, कलेक्टर गप्प, आणि सकाळी नेमका त्याच रात्रीचा रिपोर्ट मागितला.

त्यानंतर सरांनी कागद पुढ्यात घेऊन जो हिशोब शिकवला तो मी अजून प्रत्येक नवीन सेटअपला करतो. नेटफ्लो व्हर्जन 5 चा एक रेकॉर्ड 48 बाइटचा. सेकंदाला सरासरी 2000 फ्लो येत असतील तर दिवसाला 17 कोटी 28 लाख रेकॉर्ड, म्हणजे साधारण 8.3 जीबी. 180 दिवस ठेवायचे म्हटलं की दीड टीबी. कॉम्प्रेशन चालू केलं की कमी होतं, पण डिस्क मागताना मी ते धरत नाही, कारण ट्रॅफिक वाढतंच. डेटाला वेगळं पार्टिशन, आणि एनएफएक्स्पायरमध्ये (एनएफडम्पचं जुन्या फाइल उडवणारं टूल) दिवस आणि साइज दोन्हीची लिमिट, नुसते दिवस लावले तर एखादा डीडॉस (एकाच वेळी असंख्य ठिकाणांहून ट्रॅफिकचा मारा) आला की फ्लो इतके येतात की दिवस संपायच्या आधी डिस्क संपते.

180 हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत सिस्टीमचे लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलंय. आता तुमच्याकडे त्यात फ्लो डेटा धरायचा का, हे आपण टेक्निकल लोकांनी परस्पर ठरवायचं नाही, कम्प्लायन्सवाल्यांकडून मेलवर लिहून घ्यायचं. तोंडी "हो हो, ठेव" चालत नाही, अनुभव आहे.

टाइमआउटकडे, म्हणजे चालू असलेल्या फ्लोची नोंद राऊटर किती वेळाने पाठवतो त्याकडे, पण कोणी बघत नाही. सिस्कोवर अ‍ॅक्टिव्ह टाइमआउट डीफॉल्टला 30 मिनिटं असतो, म्हणजे रात्रीचा लांबलचक बॅकअप अर्धा तास दिसतच नाही आणि मग सगळा एकदम येतो, ग्राफला ताडासारखं टोक. आपण तो 1 मिनिटावर आणायचा, एनएफकॅपडीची (एनएफडम्पचा फ्लो फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम) फाइल तशीही दर 5 मिनिटांनी बदलते. सॅम्पलिंग मात्र विचार करून, 1000 पॅकेटमधलं एकच बघत असाल तर ट्रेंड कळेल, डीडॉसही कळेल, पण एखाद्या पीसीने चुपचाप चार पॅकेट कुठे पाठवली ते बहुतेक सुटणारच.

आणि काहीही करायच्या आधी एनटीपी (सगळ्या मशीनची घड्याळं जुळवणारी सोय) लावा. एका जुन्या राऊटरचे फ्लो मी दोन तास शोधत होतो, कमांड बरोबर, फिल्टर बरोबर, फाइलची साइज पण वाढतेय, तरी रिझल्ट शून्य. शेवटी फिल्टर काढून सगळंच प्रिंट केलं तेव्हा दिसलं. डेटा सगळा होता, फक्त तारीख 1993 ची.