नवा पाळीव साप पेटीत रुळवताना: मराठवाड्याच्या हवेत काय करावं, काय टाळावं

सापाच्या पेटीबद्दल इंटरनेटवर वाचायला घेतलं की निम्मा मजकूर ऊब कशी द्यायची यावरच सापडतो. तो थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेला असतो आणि त्यांच्यासाठी बरोबरही असतो. जालन्यात, लातुरात एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत बसून पाहा, म्हणजे त्यातलं आपल्या कामाचं किती ते कळेल. आपल्याकडे नव्या सापाला खरा त्रास होतो तो उकाड्याचा आणि कोरड्या हवेचा. शिवाय घरच्यांच्या हौसेचा, आणि हिला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट लावता येत नाही.

आधी कागद

धामण, तस्कर, दिवड, मांडूळ, अजगर, किंवा आपल्या शिवारात सापडणारा दुसरा कुठलाही साप घरात ठेवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. विहिरीतून काढला, कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला, ही सबब चालत नाही. मांडुळाभोवती तर गुप्तधनाच्या थापा रचून काही जणांनी बाजार मांडलाय. कोणी विकायला आणलं तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि विषय संपवा.

पाळले जातात ते परदेशी, बंदिवासात जन्मलेले बिनविषारी साप. त्यातले दोन जास्त दिसतात: पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक. बॉल पायथन वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. विकणाऱ्याकडे त्याच्या नोंदणीचे कागद मागा. ‘नंतर पाठवतो’ म्हणाला तर तिथून उठा. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी पक्की पावती आणि तो बंदिवासात जन्मल्याचा लेखी पुरावा घ्याच.

पहिलाच साप असेल तर कॉर्न स्नेक घ्यावा असं माझं मत. तो खायला फारसा रुसत नाही आणि आपली कोरडी हवा त्याला बॉल पायथनपेक्षा बरी सोसते. आणायचा मुहूर्त मात्र उन्हाळ्यातला नको. मृगाचा पाऊस पडून हवा निवळली की तिथून दिवाळीपर्यंतचा काळ बरा.

पेटी आठवडाभर रिकामी चालवा

साप आणि पेटी एकाच दिवशी घरात आले की पुढचे चार दिवस माणूस पेटीतच हात घालून बसतो. हे हलव, ते चिकटव, तापमान बघ. त्यामुळे पेटी आधी आणा, सगळं मांडा आणि साप आत आहे असं समजून आठवडाभर चालवा. सकाळी सहाला, दुपारी तीनला आणि रात्री झोपताना दोन्ही बाजूंचं तापमान वहीत लिहा.

एक बाजू उबदार आणि दुसरी गार असली पाहिजे. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, तो जागा बदलून अंगाचं तापमान सांभाळतो. दोन्हीकडे सारखंच असेल तर त्याला जायला जागाच उरत नाही. बॉल पायथनला उबदार बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सियस, गार बाजू २५ ते २७ आणि आर्द्रता ५५ ते ६५ टक्के लागते. कॉर्न स्नेकला २८ ते ३०, गार बाजूला २२ ते २५ आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरते. हीट मॅट, म्हणजे पेटीला ऊब देणारी विजेची चटई, वापरलीत तर थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावू नका. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटवर, साप जिथे टेकतो तिथेच बसवा. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला की मॅट तापतच राहते आणि सापाचं पोट भाजतं. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगलाच गारठा पडतो, मॅट खरी लागते ती तेव्हा.

प्रत्येक बाजूला दडायला एक जागा हवी, म्हणजे कमीत कमी दोन. एकच ठेवली तर साप ऊब किंवा आडोसा यातलं एकच निवडतो, आणि बहुतेक वेळा आडोसाच निवडतो. महागड्या गुहा विकत आणायची गरज नाही. कुंभाराकडून दोन लहान मडकी घ्या, तोंडाची कड फोडून सापाला जाता येईल एवढी वाट करा, कानसेने घासून गुळगुळीत करा आणि पालथी घाला. आतली जागा तंग असावी, अंगाला तिन्ही बाजूंनी भिंत टेकली पाहिजे. ऐसपैस जागेत त्याला सुरक्षित वाटत नाही.

खाली पहिला महिनाभर सरळ वर्तमानपत्र किंवा टिश्यू पेपर अंथरा. शी कशी आहे, अंगावरून गोचिडीसारखे बारीक काळे कीटक पडतात का, हे त्यावर लगेच दिसतं. नंतर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, घालता येईल. सॉ मिलमधला भुसा नको. तो कुठल्या लाकडाचा आहे हे गिरणीवाल्यालाही सांगता येत नाही, आणि काही लाकडांची तेलं सापाच्या फुफ्फुसांना बाधतात. पाण्याचं भांडं जड घ्या, म्हणजे उलटणार नाही.

झाकणाला कुलूप हवं. नुसता वजनदार दगड ठेवून भागत नाही. कॉर्न स्नेकचं पिल्लू जेमतेम पेन्सिलीएवढं असतं, डोकं शिरलं की अंग शिरतं. वायरसाठी पाडलेलं भोक सिलिकॉनने बुजवा.

आता पेटी कुठे ठेवायची. खिडकीजवळ नको, काचेवर दहा मिनिटं ऊन आलं तरी आतली हवा भट्टीसारखी होते. घरघंटी, वॉशिंग मशीन, मिक्सरचा ओटा यांच्या शेजारीही नको. सापाला कानाची भोकं नसली तरी जमिनीतली थरथर जबड्यातून नीट कळते आणि खालच्या पट्टीतला आवाजही जाणवतो. गल्लीत लग्नाचा डीजे येणार असेल तर पेटीखाली जाड सतरंजीची घडी घाला. देवघराच्या खोलीत ठेवायची असेल तर अगरबत्ती आणि धूप दुसरीकडे लावा. मच्छर कॉइल, झुरळाचा स्प्रे आणि मुंग्यांचा खडू त्या खोलीत आणूच नका. मुंग्यांसाठी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. ही जुनी युक्ती इथेही चालते.

उन्हाळ्यातला गारवा

पेटीतली हवा ३५ च्या वर जाऊन तिथेच राहिली तर सापाच्या जिवावर बेतू शकतं. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना बंद खोलीत हे सहज घडतं. पत्र्याच्या वरच्या मजल्यापेक्षा तळमजल्याची, उत्तरेकडची खोली निवडा. जुनं माळवदाचं घर असेल तर दुपारी आतलाच गारवा उपयोगी पडतो.

कूलर चालतो, पण त्याचा झोत पेटीवर घेऊ नका. खोली गार होऊ द्या आणि पेटी कोपऱ्यात ठेवा. कूलरमुळे आर्द्रता वाढते, ते बॉल पायथनच्या पथ्यावर पडतं. कॉर्न स्नेकच्या पेटीत मात्र ओल साचून राहिली तर पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात, म्हणून हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रावर, लक्ष ठेवा. आणि दुपारी एक वाजता लाइट गेली तर? बर्फाच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये कायम ठेवा. त्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेर, गार बाजूच्या काचेला टेकवायच्या. पेटीच्या आत बर्फ नाही आणि सापाला बर्फाच्या पाण्यात बुडवणं तर अजिबात नाही. झाकणाच्या जाळीच्या अर्ध्या भागावर पिळलेलं ओलं सुती फडकं टाकलं की बराच फरक पडतो. एवढं करूनही दुपारचं तापमान ३४ च्या खाली राहत नसेल, तर त्या घरात साप आणू नये. हे मी स्पष्टच सांगतो.

आणण्याचा दिवस

सुती पिशवीत साप, तोंडाला गाठ, पिशवी भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या डब्यात, आणि प्रवास संध्याकाळनंतर. एसटीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवू नका. घरी आल्यावर पिशवी उघडी करून पेटीतच ठेवा, त्याचा तो बाहेर येईल. झाकण लावा, कुलूप घाला, दिवा मालवा.

पहिले सात दिवस

या सात दिवसांत पाणी रोज बदलायचं आणि घाण दिसली तर उचलायची. बाकी हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद चिकटवा, समोरचीच काच मोकळी ठेवा.

पाहुण्यांना आवरणं इथे खरं काम. शेजारची पोरं काचेवर टकटक करणार, मामा ‘एकदा गळ्यात घालून फोटो काढू’ म्हणणार. आजी विचारणारच, “काय रे बाळा, त्याला दूध ठेवलंस का?” आजीशी वाद घालू नका. साप दूध पचवू शकत नाही, तहानलेला असला की जे समोर येईल ते पितो, एवढं सांगा आणि पाण्याचं भांडं दाखवा.

दिवसभर मडक्याखाली दडून बसणं हे चांगलं लक्षण आहे. नवीन माणसाला वाटतं साप उदास झालाय. उलट रात्रंदिवस काचेवर चढणं, नाक घासत राहणं म्हणजे काहीतरी बिनसलंय, आधी तापमान तपासा. सारखा पाण्यात बसून असेल तर उकडतंय किंवा अंगावर कीटक आहेत. पाण्यात काळे ठिपके तरंगताना दिसले तर कीटकच. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातून बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज हे डॉक्टरचं काम आहे. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. साप तपासणारं कोणी आहे का हे आधी फोनवर विचारून ठेवा, आणि तेही साप आजारी पडायच्या आधी.

पहिला घास

आठव्या दिवशी संध्याकाळी. पैदास केंद्रातला, गोठवलेला उंदीर घ्यायचा. सापाचं अंग जिथे सर्वांत जाड तेवढाच त्याचा घेर असावा, त्याहून मोठा नको. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात सोडा, बोटाला सोसेल इतपतच पाणी गरम हवं. मायक्रोवेव्ह वापरू नका, आत कच्चा आणि बाहेर शिजलेला राहतो. पोट दाबून बघा, मध्ये गारगोटीसारखं घट्ट लागलं तर अजून वेळ आहे. शेवटी डोकं जरा जास्त कोमट करून कोरडं पुसा.

आता लांब चिमट्याने कंबरेशी धरून मडक्याच्या वाटेसमोर, थोडं लांब धरा. हलवा, पण नाचवू नका. आधी जीभ दिसेल, हळू एकदा, मग भराभर. मान मागे इंग्रजी एससारखी वळली की हात स्थिर ठेवा. झडप इतकी पटकन होते की वेटोळे पडलेले दिसतात तेव्हा काय झालं ते कळतं. चिमटा सोडा, झाकण लावा, खोलीबाहेर पडा. नाही घेतला तर चिमट्याने तिथेच ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पडलेला असेल तर फेकून द्या, परत गोठवू नका. पुढचा प्रयत्न आठवड्याने. बॉल पायथन कित्येक आठवडे उपाशी राहतो आणि मालकाचीच झोप उडते. स्वयंपाकघरातला नव्हे, वेगळा घेतलेला डिजिटल काटा वापरून वजन लिहीत जा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टरला दाखवा.

जिवंत उंदीर सोडू नका, भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो. शेतातला उंदीर तर मुळीच नको. पिकात झिंक फॉस्फाइडची आमिषं ठेवतात, त्याने मेलेला उंदीर सापालाही मारू शकतो. गोठवलेले उंदीर आपल्या गावात मिळतात का, मागवले तर वितळून तर येत नाहीत ना, हे साप घेण्याआधीच बघायला हवं.

हातात घेणं

दोन वेळा विनातक्रार खाल्लं की मगच. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर तो उलटी करतो. वरून झडप घालून उचलू नका, घारीसारखं वाटतं त्याला. बाजूने हात न्या, पोटाखाली दोन्ही हातांचा आधार द्या, पाच मिनिटं पुरेत. आधी आणि नंतर हात साबणाने धुवा. सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना दूर ठेवा आणि पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका.

डोळे दुधाळ निळसर दिसले की कात टाकायची वेळ आली. तेव्हा हात लावणं आणि खायला देणं दोन्ही थांबवा. मार्चनंतरच्या कोरड्या हवेत कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं, पिळलेलं सुती फडकं ठेवा, तो स्वतः जाऊन बसेल. डोळ्यावरची कात अडकली तर नखाने उचकटू नका.

पेटीत साप नसेल तर

दारं बंद करा, फटींना फडकी लावा. फ्रीजच्या मागे, इन्व्हर्टरखाली, अंथरुणाच्या ढिगात, पुस्तकांच्या मागे बघा. रात्री फरशीवर कणकेचा पातळ थर भुरभुरवा, सकाळी वाट उमटलेली दिसते. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, लपवू नका, नाहीतर तो दिसताच काठी पडेल.

आणि एक गोष्ट विसरू नका: घरात दिसलेला साप तुमचाच असेल असं नाही. घोणस अजगराचं पिल्लू समजून हातात धरल्याने माणसं दगावली आहेत, आणि बॉल पायथनसारखा आखूड, जाडजूड, ठिपक्यांचा साप शोधत असताना तर घात व्हायला वेळ लागत नाही. दुरून बॅटरी मारा, मोबाइलवरच्या तुमच्या सापाच्या फोटोशी ठिपके जुळवून बघा. जराही शंका आली तर हात मागे घ्या, लांबून नजर ठेवा आणि वन विभागाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा.